दक्षिणावर्ती

कच्छहून आणलेल्या त्या शंकूसारख्या शंखाचा पार दगड झाला होता, तोंडही दगडानेच गच्च भरलेलं. जात ठरवायची म्हणून देवव्रत सरांनी डबी उघडली. झाकणावर त्यांची विद्यार्थिनी कस्तुरी हिची जुनी चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘दक्षिणावर्ती. फार दुर्मीळ.’

खाली त्यांचाच लाल शेरा: ‘हे शंख उजव्या वळणाचेच असतात. दुर्मीळ कसले?’

त्या शेऱ्यानंतर पोरीने संशोधन सोडलं. दोन वर्षांत ती गेलीच.

सरांनी विज्ञानाच्या रीतीने शेंडा वर धरला. तोंड डावीकडे आलं. म्हणजे शंख डावा, खरोखरच दुर्मीळ. ब्रह्मा घाटावरच्या भिक्षुकाची लेक ती. तिच्या घरी शंख पाहायचा तो शेंडा खाली धरूनच. त्यांनी तसा धरला. तोंड उजवीकडे आलं; तिच्या भाषेत दक्षिणावर्ती.

त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला. “गुरुजी, कस्तुरीचं बरोबर होतं. मी तेव्हा डबीसुद्धा उघडली नव्हती.”

पलीकडून शंखाचा लांब नाद येत होता.

“पूजेत आहात का? नंतर फोन करतो.”

“नाही हो,” वेणीमाधव गुरुजी म्हणाले. “ती गेल्यापासून या घरात शंख वाजलेला नाही. आवाज तर तुमच्याकडून येतोय, सर.”