दुसरा पत्ता

“सुटल्यावर हा राहणार कुठे?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

आरोपीचा, म्हणजे घरातल्या धाकट्या मुलाचा, वकील तोवर पोपटासारखा बोलत होता. तपास संपलाय, आरोपपत्र दाखल झालंय, माणूस पळून जाणारा नाही, आधीचा एकही गुन्हा नाही. या प्रश्नावर मात्र तो हातातले कागद चाळत म्हणाला,

“आईकडे. स्वतःच्या घरी.”

“आणि मुलगी?”

सरकारी वकील उठले. “त्याच घरी, मॅडम. ज्या पोरीवर याने अत्याचार केला, तिचा हा सख्खा काका. पोर सहावीत आहे. अजून दिवा लावून झोपते.”

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग कसा सोडू? मुलगी राहते त्या घरात आरोपी नको. दुसरा पत्ता आणा, मग जामिनाचं बघू. सोमवारी या.”

पिंजऱ्यातल्या धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने तोंड फिरवलं.

दुसरा पत्ता आणणार कुठून? मामाने दार लावून घेतलं होतं. आतेभावाची बायको म्हणाली होती, “तो आत आला, की मी बाहेर.” मित्रांचं तर विचारूच नका. असल्या वेळी सगळ्यांची घरं एकदम लहान होतात.

बाहेर बाकाजवळ सरकारी वकिलांनी पोरीच्या आईला बाजूला घेतलं. “ताई, त्या घरातून हलू नका. तुम्ही मायलेकी तिथे आहात, तोवर तो आत. कळलं?”

कळलं. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचा धोंडा हलला. नवरा गेल्यापासून या घरात तिला हक्काचं माणूस एकच, सासू. घर सासूच्या नावावर, चूल सुनेच्या पगारावर, पण दोघींचं कधी वाजलं नाही. त्या दिवशी पोरीला पोटाशी धरून दवाखान्यात धावली ती सासूच. “माझ्याच पोटचा आहे मेला, पण याला सोडू नका,” असं पोलिसांना सांगणारीही सासूच. अख्ख्या गल्लीने तिला नावाजलं होतं.

म्हणून परतताना बसमध्ये सुनेने तिच्या कानाशी तोंड नेलं. “आई, आता काळजी नको. आम्ही घरात आहोत तोवर तो सुटत नाही. वकीलच म्हणाले.”

“असं म्हणाले? म्हणजे मी असले-नसले तरी चालतं?”

“तुमचं काय हो! मी आणि पोर असलो, की झालं.”

“बरं झालं बाई सांगितलंस,” सासू म्हणाली. “मला अडाणीला कोर्टातलं काय कळतंय!” आणि तिने सुनेचा हात आपल्या हातात धरून ठेवला, थेट उतरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सून शिलाईच्या कारखान्यातून परतली, तर पोर दाराबाहेर पायरीवर. शाळेचा गणवेश अंगातच. शेजारी दोन गाठोडी, नीट आवळून बांधलेली. आजीने हातात बिस्किटाचा पुडा दिला होता, तो तिने फोडला नव्हता.

दाराला आतून कडी.

“आई! आई, दार उघडा!”

खिडकी उघडली. सासूच्या कानाला फोन होता.

“ओरडू नकोस गं, धाकट्याच्या वकीलसाहेबांशी बोलतेय,” ती म्हणाली. मग तोंड फिरवून, अगदी खणखणीत आवाजात, “हॅलो, साहेब? जजबाईंना सांगा, झाली सोय. माझा पोरगा माझ्याकडेच राहील. पत्ता पोरीचा बदललाय. नवा कुठला, ते तिची आई कळवेल.”