पुतळाचा हात

पुतळाचा उजवा हात मनगटापर्यंत भोपळ्यासारखा सुजला होता. तिचा नवरा नामदेव तपासणीच्या खाटेशी उभा राहून डॉक्टर दिनानाथांचं तोंड वाचत होता. मागच्या साली गावातल्या एका बाईचा हात असाच सुजला, आणि आठवड्यात ती खाडीकाठच्या स्मशानात पोचली. ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"काटा कधी लागला?"

"चार दिस झाले. दोघं शिंगाळा साफ करत व्हतो. त्याच माशानं मला पन टोचलं हाय, पन माझं बघा." नामदेवनं बोट पुढं केलं. जरा काळसर पडलं होतं. सूज नाही, पू नाही. डॉक्टरांची नजर पुतळाच्या हातावरून हलली नाही.

"मी रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात कामाला हाय," नामदेवनं तरी सांगितलंच. "सुटताना थिनरनं कोपरापर्यंत हात धुतो. सात वर्सं झाली. जंतूची छाती नाय जवळ यायची. हिला बोललो, तू पन धू. ऐकल तर ना."

"जेवताना तोच वास," पुतळा कण्हत म्हणाली. "जंतू मेलं का नाय ठाव नाय, भूक मरते."

डॉक्टरांनी पात्यानं हलकी चीर दिली. पू आला तसं नामदेवनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"घाबरू नका. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. परका जंतू शिरला की त्याला ओळखतात, धावून येतात, गिळतात आणि तिथंच मरतात. त्यांचाच हा पू. सूज, ताप, सगळी त्यांचीच धावपळ."

"मग जिंकतंय कोन?"

"मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही." डॉक्टरांनी पुतळाचं रक्त काढलं.

नामदेवनं बाही सारली. "माझं पन घ्या. चांगलं रगत कसं असतं, हिला कागदावर दिसू दे."

डॉक्टर हसले. रक्ताच्या दोन छोट्या बाटल्या वाशीच्या लॅबला गेल्या.

पुढचे दोन दिवस नामदेवनं गावदेवीला नारळ बोलला, पुतळाच्या बहिणीला बोलावून घेतलं आणि जेवण जवळजवळ सोडलं. घास गिळताना घसा दुखे. मधेच हुडहुडी भरे. बायकोच्या काळजीनं असंच होतं, असं तो शेजारणींना सांगायचा, आणि शेजारणी ते आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या. गावातल्या पुरुषांनी दोन दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी पुतळा पुन्हा खाटेवर होती. पट्टी सुटली. हाताची सूज निम्म्यानं उतरली होती. डॉक्टरांनी पहिला कागद उघडला.

"पांढऱ्या पेशी एकोणीस हजार. एरवी माणसात सात-आठ हजार असतात. तुमच्या रक्तानं दुपटीहून जास्त फौज उभी केली, पुतळाबाई. हात वाचला."

नामदेव भिंतीला टेकला. तोंडानं मात्र तो म्हणाला, "माझी बायको हाय. वाचल नाय तर काय." पुतळानं डोळ्याला पदर लावला.

"नि माझ्या किती?" नामदेवनं विचारलं.

डॉक्टरांनी दुसरा कागद खिडकीशी नेला. दोनदा वाचला.

"आठशे."

नामदेव खुशीत हसला. "बघ गो. मोर्चाच नाय तर पोलीस कशाला येतील?"

पुतळा हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"बोट दाखवा."

"परवाच दाखवलं व्हतं की."

डॉक्टरांनी काळसर जागा दाबली. मग नामदेवच्या कपाळाला हात लावला, आणि तो तिथंच राहिला.

"थिनर म्हणालात. कातडीतून रक्तात उतरतं ते. सात वर्षं?"

"रोज. का हो?"

डॉक्टरांनी फोन जवळ ओढला, मोठ्या हॉस्पिटलचा नंबर फिरवायला घेतला आणि वर न बघता म्हणाले, "पुतळाबाई, उठा. खाट यांना द्या."