जर्मन पोलाद

हायाशीसानांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि सरळ त्या जुन्या लेथखाली हात घातला.

कौमुदी गडबडली. पंचाहत्तरीचा माणूस, ओसाकातल्या मोठ्या कारखान्याचा मालक, आणि हे काय मध्येच?

"काय शोधतायत?" तिचे साहेब, हेर लांगे यांनी जर्मनमधून विचारलं.

"काही कळत नाही हो."

न्युरेम्बर्गच्या या कंपनीत इंजिनियर पैशाला पासरी. तिला घेतलं ते पुण्यात शिकलेल्या जपानीमुळे. आज भागीदारीचा करार झाला तर नोकरी पक्की. नाहीतर प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचे महिने, संपले की बाईसाहेब परत कोथरूडला.

"आल्झो, तर सांगा त्यांना," साहेबांनी छाती फुगवली. "१९०९ साली हे लेथ आम्ही दोन वर्षांसाठी ओसाकाला वापरायला दिलं. जाताना जरा खरखरायचं. परत आलं ते लोण्यासारखं चालत! शंभराहून जास्त वर्षं झाली, एक स्क्रू बदललेला नाही. जर्मन पोलाद!"

कौमुदीने शब्दन् शब्द जपानीत सांगितला. हायाशीसानांचा हात खाली एका जागी थांबला. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

अगं बाई, काय बोलून बसले मी? तिने घाईघाईने माफी मागितली. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी रुमाल काढला आणि डोळे सोडून लेथच पुसलं. मग कमरेत वाकून लेथला नमस्कार केला. असेल त्यांची रीत म्हणून तीही वाकली. दोघांना बघून गोंधळलेले लांगेही वाकले.

हायाशीसान टेबलाशी गेले, पेन मागितलं आणि एकही प्रश्न न विचारता सही करून मोकळे झाले.

कौमुदी बघतच राहिली. सुटलो एकदाचे! पण झालं काय नेमकं?

"बघितलंत?" लांगेंना आकाश ठेंगणं झालं होतं. "नुसता हात लावला आणि सही! विचारा, विचारा, काय लागलं हाताला?"

तिने विचारलं. हायाशीसान लेथकडे बघत हळूच म्हणाले,

"पणजोबांचं नाव. तुमचं लेथ त्यांच्या हातून दुसऱ्याच महिन्यात मोडलं होतं. सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांनी तसंच हे दुसरं घडवून पाठवलं."