एकशे दोन

मेघाने बूट चढवले, छातीचं कवच आवळलं, हेल्मेट घातलं, हातमोजेही घातले, आणि मग मोटरसायकलशेजारी नुसतीच उभी राहिली.

"बस ना वं," चंपतराव म्हणाले. "ट्रॅकवर जे घालशीन त्याच्यासकट मोजा लागते. म्हणून तं सारं चढवाले लावलं."

"बसते, मामाजी," हेल्मेटमधून सुनेचा आवाज आला. पण ती बसली नाही.

अंगणाच्या भिंतीवर खडूने दोन आकडे लिहिलेले होते. वर १०२, पावसाळ्याआधीचा. खाली ८७, दिवाळीचा. गाडी मूळची जंगलातल्या कच्च्या वाटांसाठी बनलेली, मागची स्प्रिंग मऊ. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर उड्या घ्यायच्या तर मागच्या शॉकअपला कडक स्प्रिंग हवी, म्हणून चंपतरावांनी ती सुनेच्या अंगमानाने बसवली होती. ती बसली की गाडी मागून एकशे दोन एम.एम. दबायची, अगदी हवी तेवढी. मग मेघाला टायफॉइड झाला आणि तिचं अंग उतरलं. दिवाळीत ती बसली तेव्हा स्प्रिंग धड दबलीच नाही.

हलकी स्प्रिंग टाकणं चंपतरावांना कठीण नव्हतं. कोळशाच्या खाणीत डंपरचे शॉकअप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण तसं करणं म्हणजे पोरीच्या आजारपणाला घरात कायमची जागा करून देणं, असं त्यांना वाटलं. आकडा पुन्हा एकशे दोन झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. वजन हा शब्द काढला नव्हता. सुनेला सासऱ्याने कसं विचारायचं, आणि ती तर वजनकाट्याकडे बघायलाही तयार नव्हती. रविवारी स्पर्धा होती. आज बुधवार.

गाडी सरळ धरायला तिसरा माणूस लागतो. मुलगा ड्युटीवर गेलेला, म्हणून मेघाच्या सासूबाई, तुळसाबाई, मिरच्यांचे देठ खुडायचं सोडून उठल्या. पदराला हात पुसून त्यांनी हँडल धरलं.

"मिरची लागन तुमच्या गाडीले. मंग म्हनसान, बुढीनं बिघडवली."

मेघा बसली. दोनदा गाडी दाबली, पाय वर घेतले. चंपतराव घसरती पँट वर ओढत चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत टेप धरला आणि चाक अधांतरी असतानाच्या मापातून तो आकडा वजा केला.

एकशे सहा.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण खाणीच्या काट्यावर ट्रकवाल्यांच्या करामती त्यांनी तीस वर्षं पाहिल्या होत्या. आकडा हव्यापेक्षा चांगला आला की त्यांना आधी शंका यायची.

"खिसे रिकामे कर," ते म्हणाले. "अन् ते कमरेचं बी काढ."

मेघाने कमरेच्या थैलीचा पट्टा सोडला. थैली जमिनीवर धप्पकन पडली. पान्हे, टायर काढायच्या पट्ट्या, चेनच्या कड्या, पाण्याची गच्च भरलेली बाटली. जंगलात हे सगळं जवळ लागतं. ट्रॅकवर कोणी नेत नाही.

"सवयीनं राहिली काय?" निमित्त त्यांनीच तिच्या हाती दिलं.

तिने हेल्मेट काढलं. "नाही, मामाजी. मले भेव लागून राहिलं होतं. आज कमी भरलं असतं तं तुम्ही पुन्हा काही बोलले नसते. अन् ते मले पाहावलं नसतं."

चंपतरावांनी थैली पायाने बाजूला सारली. मग म्हणाले, "हेल्मेट घाल. बस."

या वेळी त्यांनी एकदा मोजलं, चष्मा पुसून परत मोजलं.

"सांगा ना जी," तुळसाबाई म्हणाल्या. "हात दुखून राहिले माहे."

"एकशे दोन."

तुळसाबाईंनी डोळे मिटले. मेघा तशीच बसून राहिली, पाय वर घेतलेले, जणू उतरली तर आकडा बदलेल. दिवाळीपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं चंपतरावांना वाटलं. त्यांनी नाक ओढलं.

"फुकट चोरी केली वं तू," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं ते आवरेचना.

हसतहसतच ते भिंतीपाशी गेले आणि तळहाताने ८७ पुसून टाकला. हात वर गेला तशी पँट खाली आली. त्यांनी ती घाईने धरली.

मेघा खाली उतरली. तुळसाबाईंनी मात्र हँडल सोडलं नाही.

"आता तुम्ही बसा."

"मी काहून? मले कोणत्या स्पर्धेत जाचं आहे?"

"पोरगी जेवे नाही तं तुम्ही बी अर्ध्या ताटावरून उठत होते. पट्ट्याले खिळ्यानं दोन छिद्रं पाडली, ते का मले दिसत नाही? बसा."

चंपतरावांनी सुनेकडे पाहिलं. ती काही मध्ये पडेल असं त्यांना वाटलं होतं. पण टेप कधीच तिच्या हातात गेला होता. चाकापाशी उकिडवी बसत, वर न बघता ती म्हणाली,

"मामाजी, आधी खिसे रिकामे करा."