थोइबीचं कुंकू

इथे उत्तरेत, तेलीबागेत मराठी बायका मोजून सहा, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दिसेल तिला बोलावते. यंदा वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू आली, मणिपूरची थोइबी.

रीत म्हणून विचारलं, "पति हैं ना?"

"हैं, दीदी. बारा साल पहले वर्दीवाले पूछताछ के लिए ले गए. बस, लौटे नहीं."

माझं बोट कुंकवाच्या कोयरीतच थबकलं. मग म्हटलं, आहे म्हणते ना, मग आहेच. तिनं कपाळ पुढे केलं.

आतून ह्यांनी विचारलं, "गाँव कौन-सा?" रिटायर होण्याआधी, त्याच सुमाराला, सुभेदारसाहेबांची पोस्टिंग तिकडेच होती.

तिनं सांगितलं.

हे उठून दारात आले. मग, तिला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले,

"नंदा, नको लावूस तिला."