चार नंबरचं मशीन

सव्वाअकराला चार नंबरचं मशीन पुन्हा ओरडलं. पण या वेळी तपासनिसाच्या हातातल्या, लहरी मोजणाऱ्या मीटरचा आकडा त्या ओरडण्याच्या आधी उसळला होता. म्हणजे बिघाड मशीनमध्ये नव्हता. कोणीतरी अगदी जवळून, मुद्दाम, त्याच्यावर रेडिओलहरी सोडत होतं.

"बघा साहेब," शेजारी उभा असलेला टेक्निशियन म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत पान्हे होते. "दोन्ही हात तुमच्यासमोर आहेत. की आता वरही करू?"

तपासनीस ओशाळला. डायलिसिसच्या त्या वॉर्डात आठ मशीनं होती, आणि गेल्या दोन महिन्यांत फक्त चार नंबरचं एकोणीस वेळा बंद पडलं होतं. मशीन थांबलं की नळीतलं रक्त गोठू लागतं. एखाद्या दिवशी जीव जाईल, असं त्याने अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर संशयिताचं नाव हवं होतं, आणि ते रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी सकाळीच सुचवून ठेवलं होतं. "आमचा टेक्निशियन. बढती नाकारल्यापासून तोंड फुगवून बसलाय. कुंपणच शेत खातंय, साहेब. तुम्ही फक्त लिहा, संध्याकाळी त्याला घरी पाठवतो." तपासनिसाला ते जवळजवळ पटलंही होतं.

आता त्याने पुन्हा पहिल्यापासून विचार केला. लहरी सोडणारं यंत्र लहान असेल, तर माणूस मशीनपासून हाताच्या अंतरावर हवा. सिस्टर तर ओरडा झाल्यावर धावत आली होती. खुर्ची मागे कलती करून, सलाईन सोडून, मशीन पुन्हा चालू करून ती सात नंबरकडे गेलीसुद्धा. राहिले दोघं. चार नंबरच्या खुर्चीतल्या मावशी डोळे मिटून पडलेल्या होत्या. आणि स्टुलावर त्यांचे यजमान. येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडणारे, सगळ्यांचे लाडके काका. त्यांचा उजवा हात मांडीवरच्या कापडी पिशवीतून बाहेर येत नव्हता.

तपासनिसाच्या मनात पाल चुकचुकली.

"पिशवीत काय आहे, काका?"

"काही नाही. डबा."

"डब्याला अँटेना असते?"

पिशवीतून जुना, कोपरे झिजलेला वायरलेस सेट निघाला. टेक्निशियन व्यवस्थापकांना बोलवायला पळाला.

"कोणाच्या सांगण्यावरून करता हे?"

"कोण सांगणार, साहेब? गोदामात रखवालदार होतो. हा सेट वजनकाट्याजवळ नेऊन बटण दाबलं की आकडे नाचायचे. तेच आठवलं."

"अहो, पण स्वतःच्या बायकोच्या मशीनवर? जातील ना त्या!"

"तशीही जाईल." काकांचा आवाज खाली आला. "चौथ्या तासाला हिचं बीपी उतरतं. तोंडातून शब्द फुटत नाही. आधी दोन सिस्टर होत्या, दोन महिन्यांपासून एकच आहे. बेल सगळेच वाजवतात. कुणाला पाणी हवं, कुणाला चादर. मी हाक मारली की 'आलेच हं, काका.' ती तरी बिचारी कुठे कुठे पुरणार? पण मशीन ओरडलं की हातातलं टाकून धावते."

तपासनिसाचा एका अक्षरावर विश्वास बसला नाही. इतकं नीट बेतलेलं उत्तर निरपराध माणसाला सुचत नाही, असा त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. सेट एका हातात घट्ट धरून त्याने दुसरं पान उघडलं, 'मुद्दाम केलेला हस्तक्षेप : होय' असं लिहिलं आणि काकांना पूर्ण नाव विचारलं.

काकांचं लक्ष नव्हतं. मावशींचा हात खुर्चीवरून घसरून लोंबकळत होता. ओठ पांढरे पडले होते.

"सिस्टर!" तपासनीसच ओरडला.

सात नंबरपाशी सिस्टर वाकली होती. हातात सुई, समोर कण्हणारा पेशंट. तिने मान वळवली नाही. "आलेच हं!"

त्याने बेल दाबली. भिंतीवरच्या फळ्यावर आधीच तीन दिवे लुकलुकत होते, त्यांत चौथा मिसळला.

"सिस्टर, अहो इकडे, लवकर!"

"आलेच म्हटलं ना!"

काका स्टुलावरून उठून मावशींचे गाल थोपटत होते. त्यांनी तपासनिसाकडे पाहिलं. दार उघडलं. टेक्निशियनच्या मागून व्यवस्थापक आत आले आणि जागीच थबकले.

त्यांच्या देखत तपासनिसाने सेट मशीनला टेकवला आणि बटण दाबलं.