अत्तिबेलेचा मुहूर्त

बोम्मसंद्र्याच्या चढावर पिकअपने पहिला गचका दिला, तेव्हा कृष्णाबाईने मांडीवरच्या गुंडूला घट्ट धरलं आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, बंद पाड हिला.

देवाने ऐकलं म्हणायचं. आणखी दोन गचके बसले, इंजिन धापा टाकू लागलं. तिच्या नवऱ्याने, शिवाप्पाने, गाडी चिंचेखाली घेतली आणि खाली उतरला.

"काय झालं रे?" खिडकीशी बसलेल्या अंबूबाईने विचारलं. ती शिवाप्पाची थोरली बहीण. पूजेचं ताट आणि नारळ तिच्या मांडीवर.

"प्लग गेला असणार, अक्का. एक सिलिंडर मारत नाही."

"मग उरलेल्या तिनावर ने की! अत्तिबेले काय लांब राहिलंय?"

"पुढं चढच चढ आहे. इंजिन बसलं तर सगळंच बसेल."

अत्तिबेलेला आप्पाजी वाट पाहत होते. हे भावंडांत सगळ्यांत थोरले, शिवाप्पाचे अण्णा. आईबाप गेल्यावर त्यांनीच शिवाप्पाला वाढवलं, गाडी शिकवली, लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली ही पिकअपही घेऊन दिली. त्यांना मूलबाळ नाही. गेल्या दिवाळीत चारचौघांत त्यांनी गुंडूला दत्तक मागितला, आणि शिवाप्पा मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, अण्णा." बायकोला विचारायची गोष्टच नाही! ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"तुला दोन आहेत गं," अंबूबाई तेव्हापासून तिला समजावत होती. "धाकटा दिलास म्हणून काय ओस पडणार आहे घर?"

आता एकच आशा होती. आप्पाजी मुहूर्ताचे भारी कडवे. आज सूर्य माथ्यावर यायच्या आत मूल त्यांच्या मांडीवर बसलं पाहिजे. टळलं, तर देवाच्याच मनात नाही म्हणायचं आणि बायकोकडच्या मेहुण्याचा मुलगा घ्यायचा, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. मेहुणाही वस्ताद. पोराला न्हाऊमाखू घालून कालपासून तिथंच ठाण मांडून बसला होता.

शिवाप्पाने पाना लावून प्लग काढला. काजळीने नुसता माखलेला. मग कागदात गुंडाळलेला नवा प्लग काढून त्याने कृष्णाबाईच्या हातात दिला.

"धर जरा. पाडू नको. चिनीमाती असते, तडा गेला की संपला."

त्याची पाठ वळली. खाली दगड होता. कृष्णाबाईने एकदा गुंडूकडे पाहिलं आणि बोटं सैल सोडली.

"अगं बाई!" अंबूबाई ओरडली. "एवढंसुद्धा धरवेना तुला?"

शिवाप्पाने तुकडा उचलला, बायकोकडे पाहिलं. पण तो रागावला नाही. "असू दे," म्हणाला आणि हत्यारांच्या पेटीतून एक जुना प्लग काढून पॉलिश पेपरने घासायला बसला. कृष्णाबाईला रडूच कोसळलं.

प्लग बसला. मग शिवाप्पा कितीतरी वेळ बॉनेटमध्ये डोकं खुपसून होता. वायरी काढल्या, पुसल्या, लावल्या. तापलेल्या लोखंडावर हात भाजला तरी थांबला नाही. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. काय ही धडपड, तिला वाटलं. पोटचं पोर देऊन टाकायला कसाईसुद्धा इतकी घाई करणार नाही!

त्याने सेल्फ मारला. धाडकन् आवाज झाला, धूर उसळला आणि इंजिन गप्प.

"अप्पा, आणखी एकदा!" गुंडू टाळ्या पिटत म्हणाला. त्याला वाटलं, फटाका.

शिवाप्पाने पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा धाडकन्. तो परत बॉनेटमध्ये वाकला.

तेवढ्यात बंगळूरकडून बस येताना दिसली. अंबूबाई खाली उतरली आणि तिने गुंडूचा दंड धरला. "ऊठ कृष्णा, बसनं जाऊ. अजून वेळ आहे."

कृष्णाबाई जागची उठली नाही. हात दाखवायचा अवकाश, की बस थांबणार.

"स्वल्प थांब, अक्का!" शिवाप्पा आतूनच ओरडला. "झालंच! आता सुरू होतेय, बसच्या आधी पोचू."

अंबूबाईने दंड सोडला. बस धूळ उडवत निघून गेली. शिवाप्पाने सेल्फ मारला. धाडकन्.

पान्याचा आवाज तेवढा येत होता. चिंचेची सावली आक्रसत आक्रसत खोडापाशी गोळा झाली. अंबूबाई त्या सावलीकडे टक लावून बघत होती. शेवटी तिने डोळ्याला पदर लावला.

"टळला रे मुहूर्त. अण्णाला काय तोंड दाखवू मी?"

शिवाप्पा मडगार्डला टेकून खाली बसला, काळे झालेले हात गुडघ्यांवर. "अक्का, पुढच्या बसनं तू जा. सांग अण्णांना, शिवाप्पानं जिवाचं रान केलं. गाडीनंच दगा दिला."

"सरी, सांगते," अंबूबाई नाक ओढत म्हणाली. "देवाच्याच मनात नाही, तिथं तू तरी काय करणार!"

बस आली. अंबूबाई ताट आणि नारळ सांभाळत चढली. कृष्णाबाई गुंडूला छातीशी धरून उभी होती. आनंद झालेला नवऱ्याला दिसू नये म्हणून तिने तोंड फिरवलं होतं. हरलेल्या माणसापुढे हसायचं तरी कसं?

बस वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत शिवाप्पा तिकडे बघत राहिला. मग उठला, बॉनेटमध्ये हात घालून उलटसुलट लावून ठेवलेल्या दोन वायरी त्याने आपापल्या प्लगांवर बसवल्या, सेल्फ मारला, आणि एका दमात सुरू झालेली गाडी बंगळूरच्या दिशेने, घराकडे वळवली.